हेमलतेची घागर

धरणगावच्या वाचनालयातला कारकून लीलाधर याच्या उजव्या चपलेचा अंगठा जळगाव स्टेशनच्या फलाटावर तुटला, आणि त्यापायी एक बाई मेली की जगली याचा घोळ झाला. हा लीलाधर कोण, हे कळायला वाचकाला फार वेळ लागणार नाही. आपली चूक तिसऱ्याच माणसाच्या नावावर टाकली की लिहिताना हात कापत नाही, एवढंच.

सन पंचावन्नचा फाल्गुन. शिवण उसवलेल्या दोन कादंबऱ्या बगलेत मारून लीलाधर जळगावला गफूरभाईंकडे बांधणीसाठी निघाला होता. एक 'हेमलतेचा उंबरठा', दुसरी 'जहागीरदारांचा हत्ती'. दोन्ही एकाच छापखान्याच्या, एकाच मापाच्या, आणि दोन्हींची पानं तीनशे चार. पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव छापायची चैन त्या छापखान्याला परवडत नसावी.

अंगठा तुटला तेव्हा फलाटाची फरशी तव्यासारखी तापली होती. लीलाधरनं गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि चपलेला बांधली. चप्पल झकास बसली. तेवढ्यात धडधडत मालगाडी गेली आणि दोन्ही पुस्तकांचे शेवटचे, सोळा-सोळा पानांचे सुटे फर्मे उडाले. एक वजनकाट्याखाली जाऊन बसला, दुसरा केळीच्या घडांत शिरला. लीलाधरनं दोन्ही धरून आणले. दोन्हींवर आकडे तेच, २८९ ते ३०४. दोन्हींची सुरुवात वाक्याच्या मध्यातून. आता कोणता कोणाचा?

माणूस मॅट्रिकपर्यंत शिकलेला असला की त्याला अशा वेळी युक्ती सुचते. एक फर्मा जरा पिवळा होता, एक जरा पांढरा. पिवळा पिवळ्याला लावला, पांढरा पांढऱ्याला. चार ओळी वाचून पाहायच्या, हे काही त्याच्या मनात आलं नाही. हलवायानं जिलबी खाऊ नये आणि वाचनालयाच्या कारकुनानं कादंबरी वाचू नये, असं त्याचं मत होतं. त्यातून शुक्रवार. गफूरभाई नमाजाला निघायच्या आत दुकान गाठायचं होतं.

"सब बराबर लगाया ना?" गफूरभाईंनी विचारलं.

"एकदम बराबर."

"देख लेना भाई. मैं सिलता हूँ, पढता नहीं."

अशी ती दोन पुस्तकं न वाचणाऱ्या दोन माणसांच्या हातून पक्की शिवली गेली. गफूरभाईंची शिवण अशी, की पुस्तक फाटेल पण टाका सुटणार नाही.

*

'हेमलतेचा उंबरठा' हे पुस्तक वाचनालयाचं असलं तरी गावाच्या लेखी ते कौतिकनानाचं होतं.

कौतिकनाना सरकी काढायच्या जिनात तोलार. उभा सीझन कापसाच्या गाड्या तोलायचा आणि फाल्गुनात जिन बंद पडलं की हात धुऊन वाचनालयात यायचा. गुढीपाडव्याला 'उंबरठा' न्यायचा, अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली की आणून द्यायचा. अकरा वर्षं हेच. कपाटात चारशे अकरा पुस्तकं होती. लीलाधर नोकरीला लागला तेव्हा नवा उत्साह होता, त्यानं एकदा म्हणून पाहिलं, "नाना, या वर्षी दुसरं काही न्या की."

"न्यायचं आहे ना," नाना म्हणाला. "पण हे एक वाचून होऊ दे."

"सात-आठ वेळा झालं की वाचून!"

"तुझ्या घरी रोज भाकरी होते ना? मग तुझी आई म्हणते का, काल केली होती बाबा, आज लाडू खा?"

लीलाधरनं नोंदवहीत 'उंबरठा' लिहून टाकलं.

गोष्ट तशी साधी. हेमलता नावाची सोशिक सून. सासू छळते, नवरा परगावी. एकतिसाव्या प्रकरणात तिला क्षय होतो. नवऱ्याला तार जाते, तो येतो, स्टेशनवरून टांगा करतो, टांगा वाड्याच्या दाराशी थांबतो, आणि तो माडीवर पोचायच्या दोनच मिनिटं आधी हेमलता उंबरठ्याकडे बघत प्राण सोडते. नानाचा राग सासूवर नव्हता, क्षयावरही नव्हता. त्याचा सगळा राग टांगेवाल्यावर. "घोड्याचा नाल ढिला होता. पान दोनशे पंच्याऐंशीवर लिहिलेलं आहे. रात्री ठोकून घेतला असता तर बाई वाचली असती!" धरणगाव स्टेशनवरचे टांगेवाले चैत्र लागला की नानाला टाळायचे. तो आधी वाकून घोड्याचे खूर तपासायचा आणि मगच बसायचा.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मात्र तो एकटा वाचत नसे. ते आखाजीच्या आधी, बायकोला समोर बसवून, मोठ्यानं. इंदिराअक्काला अक्षर येत नव्हतं, पण हेमलता तिला शेजारणीपेक्षा जास्त ठाऊक होती. प्रकरण संपलं की दोघं रडत, मग नाना डोक्यावरून आंघोळ करी. मयताच्या घरी जाऊन आल्यावर करतात तशी.

आणि आखाजीला घागर.

आपल्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज, आपलं डांगर, ठेवतात, हे सांगायला नको. नानाच्या घरी तीन घागरी असत: बापाची, आईची, थोरल्या भावाची. कोणे एके वर्षी इंदिराअक्कानं चौथी मांडली. "तिले कोन शे?" ती म्हणाली. "नवरा शिकेल-सवरेल शे. त्याले घागर काय कळी?" एकदा भरली ती भरली. पुढच्या साली बंद कशी करायची? पितर दाराशी येऊन उभे राहतात आणि घागर नसली तर तहानलेले परत जातात. आधी गल्लीतल्या बाया हसल्या. मग त्याच विचारायला लागल्या, "हेमलतानी घागर कोरी आणी का जुनीच शे?"

*

त्या वर्षी नवी कोरी बांधणी पाहून नाना खूश झाला. चैत्र सरत आला, दुपारची जेवणं झाली, आणि त्यानं ओट्यावर बसून अक्काला शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. ढिला नाल आला. चढ आला. अक्कानं पदर हातात घेतला.

"टांगा वाड्याच्या दाराशी येऊन थांबला, आणि," नानानं पान उलटलं, "आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी खिशातून पिस्तूल काढून दरडावून विचारले, बोल, हत्ती कुठे आहे?"

अक्काचा पदर डोळ्यांपर्यंत येऊन थबकला.

दुसरा कुणी असता तर पुस्तक मिटून वाचनालयाकडे धावला असता. पण नाना तोलार होता. काटा दाखवेल ते वजन. काल हीच गाडी किती भरली होती याला काट्यापुढे किंमत नाही. तो वाचत राहिला. सोळाच्या सोळा पानं वाचली. हत्ती साखरेच्या गोदामात सापडला. जहागीरदारांच्या मुनीमाला बेड्या पडल्या. हत्तीला हार घातला, सर्वत्र आनंदीआनंद झाला, समाप्त.

नानानं पुस्तक उलटं धरून झटकून पाहिलं.

"मंग हेमलता?" अक्कानं विचारलं.

"तिचं काही लिहिलं नाही."

"मरनी असं लिखेल शे का?"

"नाही."

"म्हंजे जित्ती शे!" अक्का उठली, आत गेली, गुळाचा खडा आणून नानाच्या तोंडात घातला आणि उरलेला गूळ गल्लीत वाटायला निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आत नाना पायरीवर बसलेला होता.

"लीलाधर, या पुस्तकात काय झालं?"

लीलाधरनं शेवटची पानं चाळली. हत्ती दिसला. डोळ्यांपुढे जळगावचा फलाट उभा राहिला, केळीचे घड उभे राहिले, पायातली सुतळी अजून पायातच होती ती चावायला लागली. वाचनालय चालवणाऱ्या मंडळींना हे कळलं तर कारकुनाची जागा गेली. तोंडाला आलं ते त्यानं बोलून टाकलं, "नवी आवृत्ती असेल, नाना. लेखक लोक कधीकधी सुधारणा करतात."

खोटं बोलताना माणसानं निदान लहान खोटं बोलावं. नानाचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे ती वाचली?"

"असेल... तसंच असेल."

"मग आम्ही इतकी वर्षं जित्या बाईच्या नावानं घागर भरली?"

हे मात्र लीलाधरच्या ध्यानात आलं नव्हतं. जिवंत माणसाची घागर भरणं म्हणजे त्याच्या आयुष्याचा दोरा कापणं.

"आणि समज, मेली असेल," नाना पुढे म्हणाला. "मी दहा वेळा माझ्या डोळ्यांनी मरताना वाचली आहे. या वर्षी घागर भरली नाही, तर ती दाराशी येऊन तहानलेली जाईल. भरली तर पाप, नाही भरली तर पाप. आखाजीला नऊ दिवस आहेत. तू कारकून आहेस. तू सांग."

घरी तर चूल दुभंगायची वेळ आली होती. नाना म्हणे, मांडून ठेवू, उगाच ती तहानलेली जायला नको. अक्का म्हणे, "जित्ती बाईन्या नावनी घागर मी नही भरनार. दहा साल तुमीच तिले मारं!" आणि बोलणं बंद. नानाला वाटे आपण टांगेवाल्याला फुकट शिव्या घातल्या, पण माफी कुणाची मागायची तेही कळेना. एके दिवशी तो स्टेशनवर जाऊन एका टांग्याच्या घोड्याला चार पेंढ्या घालून आला.

चौथ्या दिवशी लीलाधरला राहवेना. तो नानाच्या ओट्यावर गेला आणि सगळं कबूल केलं. अंगठा, सुतळी, मालगाडी, पिवळा, पांढरा, सगळं.

नानानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझी चप्पल तुटली म्हणून बाई मेली किंवा जगली, हे मी मानायचं?"

"नाना, शप्पथ. खरी पानं 'हत्ती'मध्ये शिवली आहेत."

"मग आण ती. छापील दाखव. तोंडी वजन मी घेत नाही."

*

'जहागीरदारांचा हत्ती' नेला होता अय्युब शिंप्यानं. त्याच्याकडे लीलाधरचा एक सदराही शिवायला पडला होता, त्यामुळे जायला निमित्त होतं. मशीनवर सदरा आणि मशीनच्या बाजूला पुस्तक उघडं.

"अय्युबभाई, वाचून झालं असेल तर पुस्तक..."

"तीन बार पढा." अय्युबनं चष्मा कपाळावर चढवला. "शेवटी बाई मेली. लई वाईट वाटलं. घरवालीला, नूरबीला वाचून दाखवलं, तीपण रडली. पण हत्ती नाही मिळाला!"

"तीन वेळा वाचलं तरी?"

"मला वाटलं, पहिल्यांदा घाईत नजरेतून सुटला. दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. दोनशे अठ्ठ्याऐंशी पानापर्यंत सगळे हत्तीच्याच मागे आहेत, आणि मग अचानक सगळे त्या बाईपाशी रडत बसतात. हत्तीचं नाव कुणी काढत नाही! एवढं मोठं जनावर! म्हटलं, शायद चौथी बार में मिले."

लीलाधरनं त्याला फलाटाची हकीकत सांगितली. अय्युबनं कात्री खाली ठेवली.

"मतलब मेरा हत्ती कौतिकनानाके पास है?"

"आहे. मी सांगू का कुठे सापडला? तो साखरे..."

"खामोश!" अय्युबनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "बोल के नहीं. पढ के मिलना चाहिये."

करार झाला. पुस्तक सोडायला अय्युब तयार नव्हता, पण ते घेऊन तो स्वतः नानाच्या घरी येणार. तो बाईची पानं वाचणार, नाना हत्तीची. ज्याचं त्याला मिळणार. मग दोन्ही पुस्तकं जळगावला नेऊन, शिवण उसवून, लीलाधर नीट लावून आणणार. धड चप्पल घालून. लीलाधरनं तसा शब्द दिला.

*

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी ओट्यावर घोंगडी अंथरली गेली. एकीकडे नाना 'उंबरठा' घेऊन, समोर अय्युब 'हत्ती' घेऊन, मध्ये लीलाधर पंचासारखा. अक्का दारात बसली होती. मागे सांजोऱ्यांचा घाणा चालू होता आणि भिंतीशी चार कोऱ्या घागरी पालथ्या मांडल्या होत्या. तीन एका ओळीत, चौथी जरा लांब. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"पहले हत्ती," अय्युब म्हणाला.

"पहिले टांगा," अक्का म्हणाली.

"अक्का, मी तीन बार पढके थकलो."

"आनि आमी अकरा साल पासून स्टेशनवरच शेत!"

पहिले टांगा ठरला. नानानं घसा साफ केला. आपली बायको आपल्याशी आठवडाभर बोलली नाही ती या सोळा पानांपायी, आणि आता थोड्या वेळात अय्युबच्या तोंडून ती पानं ऐकून ती पुन्हा रडणार, हे त्याला दिसत होतं. पण वजन ते वजन. त्यानं पान दोनशे ऐंशीपासून सुरुवात केली. तार आली. गाडी आली. नवरा उतरला. ढिला नाल आला तेव्हा नाना सवयीनं थांबला, टांगेवाल्याला काहीतरी म्हणणार होता, पण पेंढ्या आठवल्या असाव्यात, पुढे वाचू लागला. चढ आला. अय्युबनं आपल्या पुस्तकातलं दोनशे एकोणनव्वदावं पान काढून त्यावर बोट ठेवलं.

"...टांगा वाड्याच्या दाराशी येऊन थांबला, आणि," नाना म्हणाला.

"आणि..." अय्युबनं तोंड उघडलं.

"थांबा!"

अक्का उठली होती. "पोचना ना टांगा?"

"पोचला, पण पुढे..." नाना म्हणाला.

"बस. आते पुढे नका वाचू."

"अगं, पण घागर भरायची का नाही ते पुढच्या पानावर आहे!"

"माले माहीत शे काय शे ते. दहा साल ऐकेल शे." तिनं नानाच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, मिटलं. "टांगा दारशी शे. तो खाले उतरी नही राहिना अजून. ती वर शे. आते पुढलं कोनी वाचं नही ते तिले कोन मारी?"

लीलाधर मॅट्रिकपर्यंत शिकलेला होता, तरी ही युक्ती त्याला सुचली नसती.

"मग घागर?" नानानं हळूच विचारलं.

अक्कानं चौथी घागर उचलली. ती आता ही फोडणार, या भीतीनं नानानं डोळे मिटले. पण ती ओटा उतरून दाराबाहेर गेली आणि तिनं घागर रस्त्याच्या कडेला, चिंचेच्या सावलीत ठेवली.

"उद्या हाई आठे भरसू," ती म्हणाली. "टांगाना घोडा तपी येल शे. चढ चढी येल शे. तो पी. मेलेलं पेस, जित्तं बी पेस, घोडा बी पेस. पानीले काय पाप?"

नाना उठला आणि घागरीच्या शेजारी हिरव्या चाऱ्याची एक पेंढी ठेवून आला. पुस्तकाबाहेरचं असं आठवड्यानं प्रथमच अक्का त्याला म्हणाली, "चाऱ्याले उद्या पानी मारजा. सुकाई जाई."

"और मेरा हत्ती?" अय्युब अजून दोनशे एकोणनव्वदवर बोट ठेवून बसला होता.

पुस्तक तोवर आत जाऊन पेटीत पडलं होतं आणि पेटीला कुलूप लागलं होतं. ते पुस्तक आता उसवायला मिळणार नव्हतं. उसवलं की खरी पानं लागणार, आणि खरी पानं लागली की टांग्यातला तो माणूस खाली उतरणार.

"तुना हत्ती कोठे पयी जास, भाऊ?" अक्का म्हणाली. "पेटीमा शे."

*

तेव्हापासून चार आखाज्या झाल्या. वाचनालयाच्या नोंदवहीत 'हेमलतेचा उंबरठा'पुढे 'बाहेर' असा शेरा आहे. मंडळींनी विचारलं की लीलाधर सांगतो, कौतिकनानांचं अजून वाचून व्हायचं आहे. ते खोटं नाही. गुढीपाडव्याला अक्का पेटी उघडून देते, नाना टांग्यापर्यंत वाचतो आणि पुस्तक परत पेटीत जातं. शेवटची पानं त्याला तोंडपाठ आहेत, हे त्यानं एकदा लीलाधरला सांगितलं. जिनाच्या काट्यावर एकटा असला की म्हणतोसुद्धा. पण गावात शिरल्यावर नाही.

चिंचेखालच्या घागरीचं पाणी स्टेशनकडे जाणारे टांगेवाले घोड्यांना पाजतात. ते आता नानाला टाळत नाहीत.

राहिला अय्युबचा हत्ती. लीलाधरनं शब्द दिला होता सोळा पानांचा, आणि ती पानं अक्काच्या पेटीतून निघत नाहीत. अय्युबनं सहाव्यांदा वाचलं तरी हत्ती मिळाला नाही. लीलाधर म्हणतो, ऐकून तरी घ्या. अय्युब कानांवर हात ठेवतो.

सदरा मात्र त्यानं दिला. शिवण उत्तम, कॉलर झकास, बाह्या मापात. फक्त गळ्याजवळचं वरचं एक काज त्यानं केलेलं नाही. बटण लावलं आहे, काज नाही.

"हत्ती मिला?" रस्त्यात दिसला की तो विचारतो.

"नाही अजून."

"फिर काज भी नहीं."

लीलाधर त्या जागी वाचनालयाची टाचणी लावून हिंडतो. जोरात मान वळवली की टोचते.